निकाल लागला... पुढे काय?

इंजिनिअरिंगच्या पोरांसमोर 'निकाल' हा शब्द नुसता उच्चारला तरी पोटात गोळा येतो. सीट नंबर, आईचं नाव, रिफ्रेश, पुन्हा रिफ्रेश, साईट हँग... आणि शेवटी एकतर ऑल क्लिअर, नाहीतर एटीकेटी. पण मित्रांनो, दिल्लीत टिळक मार्गावर एक इमारत आहे, तिथे वर्षभर निकाल लागत असतात. तिथेही रिव्हॅल्युएशनची सोय आहे, पुनर्विलोकन याचिका म्हणतात तिला. पण ती मंजूर होणं म्हणजे एम-थ्रीच्या रिव्हॅलमध्ये तीस मार्क वाढण्यासारखं!

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आपण हेडलाईनपुरतेच वाचतो. 'कोर्टाचा दणका', 'कोर्टाने झापलं', 'मोठा दिलासा'. बस्स, पुढचं पान, क्रिकेट. गेल्या काही वर्षांतले काही निकाल मी जरा शेवटापर्यंत जाऊन पाहिले. (कायद्याचा आपला अभ्यास शून्य, हे आधीच सांगून ठेवतो.) आणि माझं मत असं झालंय की कोण जिंकलं, कोण हरलं याला फार अर्थ नाही. खरी गोष्ट असते ती शेवटच्या आदेशात. कोणी, काय, कधीपर्यंत करायचं, आणि नाही केलं तर काय, हे तिथे लिहिलंय का? लिहिलं असेल तर तो निकाल जमिनीवर उतरतो. नसेल तर फाईलला लागतो.

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. २०२४ साली एका मुलाला आयआयटी धनबादला इलेक्ट्रिकलची सीट मिळाली. सीट पक्की करायला १७,५०० रुपये भरायचे होते, मुदत २४ जून, संध्याकाळी पाच. वडील रोजंदारीवर. पैसे जमले ते पाचला काही मिनिटं उरलेली असताना, आणि तेवढ्यात पोर्टल बंद! कॅप राउंडमध्ये शेवटच्या तासाला ज्यांनी ओटीपीची वाट बघितलीय त्यांना ही धडधड वेगळी सांगायला नको. पोरगा दारोदार फिरला, मद्रास हायकोर्टापर्यंत गेला, आणि शेवटी ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या कलमाखाली आदेश दिला की याला प्रवेश द्या, आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाची जागा काढून घेऊ नका. सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड. सगळीकडे आनंदीआनंद झाला, मलाही झाला.

पण थोडं मागे जा. नोव्हेंबर २०२१. दुसरा मुलगा, आयआयटी मुंबईची सीट. कार्डाचं पेमेंट तांत्रिक गडबडीमुळे झालं नाही, सीट गेली. मुंबई हायकोर्टाने नाही म्हटलं, सर्वोच्च न्यायालयाने हो म्हटलं. तिथल्या पीठावरही चंद्रचूडच होते. तेच कलम, तोच दिलासा. म्हणजे तीन वर्षांत तोच प्रश्न पुन्हा त्याच दारात आला! दोन्ही मुलं अनुसूचित जातीतली होती, हाही योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. दोन्ही आदेश त्या त्या मुलापुरते. फी न भरता आल्यामुळे सीट जाऊ नये म्हणून काही दिवसांची सवलत ठेवा, असा सरसकट नियम पहिल्या वेळी झाला असता तर दुसऱ्याला तीन महिने वणवण करावी लागली नसती. आणि जो दिल्लीपर्यंत पोचलाच नाही त्याचं काय? त्याचं नाव कुठल्याच पेपरात येत नाही. तो आज कुठेतरी डिप्लोमा करत असेल, नाहीतर दुकानात बसत असेल.

याच्या उलट नीट-२०२४. तिथे प्रश्न एकाचा नव्हता, २३ लाखांवर मुलांचा होता. हजारीबाग आणि पाटण्याला पेपर फुटला हे कोर्टाने मान्य केलं, पण संपूर्ण परीक्षेची वाट लागल्याचा पुरावा नाही म्हणून २३ जुलैला फेरपरीक्षा नाकारली. मला हा निर्णय पटतो. काही जणांच्या चोरीसाठी बाकीच्यांनी पुन्हा परीक्षा द्यायची, हा कुठला न्याय? पण त्या खटल्यातली माझी आवडती गोष्ट वेगळीच आहे. फिजिक्सच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर धरली होती, कारण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात एक आणि नव्यात दुसरं! सरन्यायाधीशांनी सरळ आयआयटी दिल्लीच्या संचालकांना सांगितलं, तीन तज्ज्ञ बसवा आणि दुसऱ्या दिवशी बारापर्यंत उत्तर कळवा. उत्तर आलं: पर्याय चौथा. सुधारित निकालात पूर्ण गुणांचे टॉपर ६१ वरून १७ वर आले. आपल्याकडे पेपरातल्या चुकीच्या प्रश्नाचे मार्क मिळायला किती महिने लागतात, ते ज्याचं त्याने आठवावं.

बघा, 'कोणी, कधीपर्यंत' हे सांगितलं की काम कसं होतं! निवडणूक रोख्यांचंही तेच. २०१८ ची ती योजना पाच न्यायमूर्तींनी १५ फेब्रुवारी २०२४ रोजी एकमताने घटनाबाह्य ठरवली. तिथेच थांबले असते तर आपण दोन दिवस चर्चा करून गप्प बसलो असतो. पण आदेशात तारीख होती. स्टेट बँकेने ६ मार्चपर्यंत सगळा तपशील निवडणूक आयोगाला द्यायचा. बँक म्हणाली, ३० जूनपर्यंत वेळ द्या. कारण काय, तर रोखे घेणाऱ्यांची माहिती एकीकडे, वटवणाऱ्या पक्षांची दुसरीकडे. रोखे २२,२१७, म्हणजे ४४,४३४ नोंदी जुळवायच्या. डीबीएमएसचं पहिलं प्रॅक्टिकल केलेल्या पोरालाही हसू आलं असतं, दोन टेबलं आणि एक जॉइन! (बँकेच्या बाजूने एवढं म्हणता येईल की बराच मजकूर कागदावर, सीलबंद पाकिटांत होता.) कोर्ट म्हणालं, जुळवायला सांगितलंय कोणी? आहे तसं द्या, उद्या द्या. १२ मार्चला दिलं. मग रोख्यांवरचे नंबर मागितले, तेही २१ मार्चला आले, आणि राहिलेलं जॉइन लोकांनी आपापल्या लॅपटॉपवर करून टाकलं.

बुलडोझरच्या निकालाला तर दात आहेत. १३ नोव्हेंबर २०२४, न्यायमूर्ती भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन. आरोपी आहे म्हणून घर पाडायचं नाही. आधी पंधरा दिवसांची नोटीस, पाडताना व्हिडिओ शूटिंग, आणि नियम मोडला तर नुकसानभरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. रस्ता, फूटपाथ, नदीपात्र यांवरची अतिक्रमणं यातून वगळली आहेत, तो भाग वेगळा. पण 'खिशातून' या एका शब्दाने जे होतं ते शंभर पानी तत्त्वज्ञानाने होत नाही!

आता आपल्या कॅम्पसकडे या. गेल्या ७ नोव्हेंबरला, म्हणजे २०२५ साली, सर्वोच्च न्यायालयाचा भटक्या कुत्र्यांवर आदेश आला. शाळा-कॉलेज, हॉस्पिटल, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथे कुंपण घाला, कुत्री पकडून, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवा, परत तिथे सोडू नका. देखभालीसाठी एक अधिकारी नेमा आणि त्याचं नाव गेटवर लावा. कॅन्टीनमध्ये त्या दिवशी दुसरा विषयच नव्हता. मेकॅनिकलवाले विरुद्ध कॉम्प्युटरवाले, अगदी हमरीतुमरी. टीपॉटखाली झोपणाऱ्या आपल्या शेरूचं काय होणार म्हणून दोन मुली रडल्याही.

पण त्याच वर्षी २५ जुलैला त्याच न्यायालयाने, आणि विक्रम नाथ व संदीप मेहता हे न्यायमूर्ती तर दोन्हीकडे तेच, आपल्याबद्दलही एक निकाल दिला होता. तो किती जणांना माहिती आहे? मी माझ्या वर्गात विचारलं. एकालाही नाही. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू, त्यावरून आलेला खटला. निकालात आकडा दिलाय: २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या, त्यातल्या २,२४८ परीक्षेतल्या अपयशामुळे. तेरा हजार म्हणजे आपल्यासारखी किती कॉलेजं रिकामी, हा भागाकार मी करून बघितला आणि वही मिटली.

त्यात पंधरा मार्गदर्शक सूचना आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. मार्कांवरून मुलांच्या बॅचेस पाडायच्या नाहीत. शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. हेल्पलाईनचे नंबर होस्टेलमध्ये आणि दिसतील अशा जागी लावायचे. कायदा होईपर्यंत हाच कायदा. १९९७ च्या विशाखा निकालातल्या सूचनाही अशाच होत्या, आणि त्यांचा कायदा व्हायला २०१३ उजाडलं. सोळा वर्षं! एवढ्या काळात चार-चार वर्षांच्या चार बॅचेस पास होऊन जातात.

मग अशा सूचना कधी उतरतात? फर्स्ट इयरला ॲडमिशन घेताना आपण आणि पालकांनी रॅगिंगविरोधी हमीपत्र भरलं होतं, आठवतंय? त्याचं मूळ २००९ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात आणि त्यानंतरच्या यूजीसीच्या नियमांत आहे. तो निकाल आपल्यापर्यंत पोचला, कारण त्याचा एक फॉर्म झाला आणि तो भरल्याशिवाय खिडकीवरचा क्लार्क पुढे सरकू देत नाही. जुलैच्या निकालाला असा फॉर्म नाही. राज्यांना नियम करायला दोन महिने दिले, केंद्राला अहवालासाठी नव्वद दिवस. पण होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर चार बॅकलॉग घेऊन बसलेल्या पोराने रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा, हे आपल्या नोटीस बोर्डावर लिहिलेलं नाही. तिथे सध्या गॅदरिंगची नोटीस आहे, बस पासची आहे, हरवलेल्या कॅल्क्युलेटरची आहे.

म्हणून आम्ही चौघांनी प्राचार्यांना एक पानी अर्ज लिहिलाय. प्रश्न तीनच. आपले समुपदेशक कोण, ते कोणत्या दिवशी कुठे भेटतात, आणि हेल्पलाईनचा नंबर बोर्डावर कोणत्या तारखेला लागेल. तारीख मुद्दाम विचारलीय. सह्यांचा कागद लायब्ररीच्या काउंटरवर ठेवलाय, शनिवारपर्यंत. पेन आपापलं आणा, तिथलं दोरीला बांधलेलं पेन चालत नाही.