लेन्सला पाणी वर्ज्य

पाणी गाळून, उकळून घेणे हा जैन घरांचा परंपरागत आचार. पिण्यासाठी ते पाणी उत्तम. कॉन्टॅक्ट लेन्स धुण्यासाठी मात्र तेही वर्ज्य होय. नळाच्या व टाकीच्या पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव आढळतो. गाळण्याच्या फडक्यातून तो सहज पार होतो आणि उकळलेले पाणीही निवताना, भांडे बदलताना निर्जंतुक राहत नाही. लेन्सवाटे तो बुबुळात शिरला, तर दृष्टी गमावण्याची वेळ येऊ शकते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात पाण्याचा साठा अंगवळणी पडला आहे. तेथे व नांदेडला शिकवणीसाठी राहणाऱ्या मुलामुलींनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. काढलेली लेन्स तळहातावर लेन्सच्या द्रावणाने हलके चोळून त्यानेच धुवावी. डबीत रोज ताजे द्रावण घालावे. जुन्यात भर घालू नये. रिकामी डबी द्रावणाने विसळून, पुसून पालथी सुकवावी व तीन महिन्यांनी बदलावी. स्नानापूर्वी व निजण्यापूर्वी लेन्स काढावी. डोळा लाल झाला, दुखू लागला वा उजेड सोसवेना, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणून घालू नयेत.