पेशंट एक, दुखणं साऱ्या घराचं

मागच्या महिन्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या एका घरी गेले होते. कर्त्या पुरुषाच्या दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा खामगावला डायलिसिस. बायको पहाटे चारला उठते, सगळ्यांचा स्वयंपाक, त्याची अळणी भाजी वेगळी, मग एसटी. सासू म्हणते, “हिनंच त्याले पाण्यावाचून वाळवलं.” दीर बोलतच नाही. मुलीची शाळा सुटली, ती कुणी सोडवली हेही कुणाला सांगता येईना. ओट्यावर ती बाई हळूच म्हणाली, “ताई, मले त कोनी इचारतच नाही.”

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदचा खारपाण पट्टा किडनीच्या आजारासाठी कितीतरी वर्षं पेपरात येतोय. पाणी खारट आहे हे खरंच. डॉक्टर मधुमेह, रक्तदाब आणि अंगदुखीच्या गोळ्यांकडेही बोट दाखवतात. पाण्यासाठी मोर्चे निघतात, निघायलाच हवेत. पण आजार ज्या घरात ठाण मांडून बसला, त्या माणसांचं काय? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. बुडालेली मजुरी नि घरातला अबोला बसत नाही.

कौटुंबिक समुपदेशन म्हटलं की आपल्याकडे लगेच ‘आम्ही काय वेडे आहोत का?’ म्हणतात. अहो, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकातच नातेवाइकांना आवारात तंबूत, रुग्णासोबत राहू दिलं होतं. मग किडनीच्या, साखरेच्या पेशंटचं घर का वगळायचं? डायलिसिस सेंटरमध्ये मशीन आहे, टेक्निशियन आहे. घरच्यांशी बोलणारं माणूसही हवं, अशी मागणी आपण बायकांनीच लावून धरली पाहिजे.

कारण भार कुणावर पडतो ते आकडे सांगतात. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० अवयव प्रत्यारोपणं झाली. त्यांत अवयव मिळालेल्या स्त्रिया अवघ्या ६,९४५! जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. ‘देतेस ना?’ हे तिला सासरचं कुणी नसताना विचारतो का आपण?

त्या घरी आम्ही सगळ्यांना एकत्र बसवलं. पहिला तासभर नुसतं एकमेकांवर ढकलणं. मग पेशंटच बोलला, “मी अजून मेलो नाही, मलेबी इचारा.” त्यातून कळलं, पाणी मोजून प्यायचं हे डॉक्टरांनी फक्त बायकोला सांगितलं होतं. ती तांब्या उचलून ठेवायची आणि माय मायेपोटी चोरून पाजायची. भांडणाचं मूळ ते!

पुढच्या खेपेला सासूलाच सोबत पाठवलं. सुई लावण्याआधी वजन करून अंगात किती पाणी साठलं ते बघतात, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. आता पेला तीच मोजून देते. मुलगी शाळेत जाऊ लागली. दिरानं एक खेप आपल्याकडे घेतली खरी, पण अजून एकदाच गेलाय.

असं बसवणारं गावात कुणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे. मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा.