मुघलाईच्या पाटीखाली आपलं जेवण कुठे आहे?

रमजान आला की मुंबईत मोहम्मद अली रोडवर आणि पुण्यात कॅम्प-कोंढव्यात मोबाईल उंचावलेली गर्दी उसळते. मिनारा मशिदीच्या आसपासचे मालपुवे, मातीच्या वाटीतली फिरनी, शीगकबाब, बोहरी मोहल्ल्यातली नल्ली निहारी. व्हिडिओवर लिहिलेलं असतं, 'अस्सल मुस्लिम खाणं'. खाणं चांगलंच असतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार 'अस्सल' या शब्दाबद्दल आहे आणि ती बाहेरच्यांपेक्षा आपल्याशीच जास्त आहे. कारण श्रीवर्धन, खेड, चिपळूण, बीड, परभणीहून शहरात आलेली आपली मुलंमुलीही आता हेच बोलू लागली आहेत. ज्यांच्या घरी दुपारी तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी होते, ते मित्रांना 'आमचं जेवण' दाखवायला निहारीच्या दुकानात नेतात.

निहारी दिल्ली-लखनौची. बिर्याणीच्या पाट्यांवर हैदराबाद नाहीतर लखनौ. ही माणसं या शहरात आली, सोबत आपली देग घेऊन आली, त्यात वावगं काही नाही. शहर असंच घडतं. प्रश्न एवढाच की या गर्दीत महाराष्ट्रातला मुसलमान कुठे जेवतो?

क्रॉफर्ड मार्केट घ्या. १८६९ ची ही इमारत, आता महात्मा जोतिबा फुले मंडई. तिथून चालत काही मिनिटांवर मुंबईची जामा मशीद आहे, जिच्या उभारणीत आणि व्यवस्थेत कोकणी मुस्लिमांचा मोठा वाटा राहिला. म्हणजे या भागात कोकणी माणूस पाहुणा नाही, यजमान आहे. पण त्याच परिसरात तांदळाची भाकरी आणि नारळाच्या दुधातलं कोळंबीचं सालन शोधायला निघा. मुघलाई, चायनीज, तंदूर, शोर्मा सगळं लागेल, हे सहज लागणार नाही. कोळंबी, तिसऱ्या खायच्या तर पाय आपोआप एखाद्या मालवणी खानावळीकडे वळतात.

यामागे एक कारण आहे, ते कुणी फारसं सांगत नाही. कोकणी मुस्लिम शाफई मसलकचे, अरबी समुद्राच्या व्यापारातून आलेला हा वारसा. उत्तरेतले आणि दख्खनमधले बहुतेक मुस्लिम हनफी. शाफईंमध्ये समुद्रातला बहुतेक जीव खायला मोकळीक आहे. हनफी मतात माशापलीकडे जाता येत नाही, कोळंबीवरही त्यांच्यात वाद आहे. (खेकड्याबाबत शाफईंमध्येही मतभेद आहेत, तो वाद इथे नको.) शहरातल्या मुस्लिम हॉटेलची चव ठरवली ती उत्तरेकडच्या आणि दख्खनी स्वयंपाक्यांनी, त्यामुळे समुद्र पाटीवरून गळाला. एकाच धर्माच्या माणसांची ताटं किती वेगळी असू शकतात, हे आपल्याच मुलांना माहीत नसेल तर इतरांना कोण सांगणार?

मराठवाड्याचंही तेच. औरंगाबादचा नान-खलिया घ्या. मोहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हाच्या लष्करी भटारखान्याशी त्याचं नातं सांगितलं जातं. तो देगीत, शेकडो माणसांसाठी शिजतो, लग्नाच्या मंडपात शोभतो. पुण्यातल्या चार टेबलांच्या हॉटेलात चार प्लेटपुरता खलिया करून ती चव येत नाही. तिथे मग त्याच्या नावाखाली लाल तेलाचं कसलंही मटण येतं आणि आपण फोटो काढतो.

हा नुसता जिभेचा मामला असता तर लिहिलं नसतं. 'तुम्ही मुळात इथले नाही' हे वाक्य आपण वर्गात, ऑफिसात, टीव्हीवर ऐकतो. भाड्याने खोली शोधताना 'नॉनव्हेज खाता का?' असं विचारतात, पण कान आपल्या नावाकडे असतात. अशा वेळी आपणच आपलं ताट 'मुघलाई' म्हणून पुढे केलं तर समोरच्याचं काम सोपं होतं. आमसूल, ओलं खोबरं, ज्वारी, अंबाडी, सुका जवळा ही या मातीची खूण आहे. ती आपल्या फडताळात आहे, तरी आपण ती दाखवत नाही. ओशाळतो, असंच म्हणावं लागेल. गावाकडचं म्हणून.

अस्सलपणाचं सोवळंही नको. मिरची, बटाटा, काजू पोर्तुगिजांमार्फत आले, त्याआधीची कोकणी आमटी कशी होती कुणास ठाऊक. पदार्थ बदलतात. पण बदल माहीत असणं वेगळं आणि मूळच विसरणं वेगळं.

मग शहरात ते शोधायचं कुठे? हॉटेलात नाही, बाजारात. चव वाणसामानातून सुरू होते. एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीत एकदा जाऊन या. रंगासाठी बेडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी, सोबत धणे, दगडफूल, नागकेशर. घरोघरचं प्रमाण वेगळं, ते चिठ्ठीवर लिहून आणलेलं असतं, आणि डंखावर मसाला कुटून होईपर्यंत मालवणी मावशी, आगरी काकू आणि कोकणी खाला शेजारी शेजारी उभ्या राहून एकमेकींचा मसाला हुंगत असतात. घरून तुमच्या आईची चिठ्ठी मागवा. बाजारातल्या 'मटण मसाल्या'च्या पाकिटात ती चिठ्ठी नसते.

सुकी मासळी पावसाळ्याआधी घ्यावी. पुढे मासेमारी थांबते, हवा दमट होते आणि बोंबील-जवळ्याला वास धरतो. सोडे महाग असतात, पण मूठभर पुरतात. आमसूल ओलसर, जांभळट-काळं पाहून घ्या. खडखडीत वाळलेलं, तपकिरी झालेलं जुनं असतं. भाकरीला बासमतीचं पीठ चालत नाही. साधा जाडा तांदूळ दळून आणा आणि उकड काढून मळा. हे सगळं विकणारी माणसं बहुतेक वेळा आपल्या धर्माची नसतात. कोळीणमावशी, वाणी, डंखवाला. कोकणी मुस्लिम घराचं जेवण या सगळ्यांच्या हातून येतं, हेही मुलांना कळायला हवं. आपण नेमके याच नात्यांत स्टिकर लावायला निघालो आहोत. एकीकडे पीठ-मिठावरसुद्धा हलालचा शिक्का शोधणारे आपले लोक. दुसरीकडे मार्च २०२५ मध्ये हिंदू खाटकांच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची झालेली घोषणा. मांसाबाबत हलाल पाहणं हा श्रद्धेचा भाग आहे, तो कुणी काढून घेऊ नये. पण मिठाला कसला जबिहा? आणि शिक्का कुठलाही असो, मटण ताजं आहे का, दुकानात माश्या किती, परवाना भिंतीवर आहे का, हे प्रश्न मागेच राहतात. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाची कत्तल बंद झाली, म्हैस तेवढी उरली, आणि मटण गरिबाच्या आवाक्याबाहेर आहेच. त्यामुळे कमी पैशात चांगलं मांस कुठे मिळेल हा प्रश्न मोहल्ल्यात शिक्क्यापेक्षा मोठा आहे.

आता शेवटचा आणि अवघड मुद्दा. आपल्याला ज्याची आठवण येते ते जेवण कुणाच्या तरी मनगटावर उभं होतं. सांदण घ्या. तांदूळ भिजवायचा, वाटायचा, नारळाचं दूध काढायचं, रात्रभर आंबवायचं (काही घरांत यासाठी माडी वापरत, आता यीस्ट, फतवा मागायला जाऊ नका), मग वाफवायचं. रोजा ठेवून, पंधरा माणसांसाठी, घरातल्या सुनेने. सांदण नाहीसं झालं कारण त्या सुनेची लेक नोकरीला लागली, आणि लागायलाच हवी होती. 'आजकालच्या मुलींना काही येत नाही' म्हणत जुन्या चवीसाठी उसासे टाकणाऱ्या भावांनी आधी एक नारळ खवून दाखवावा. दूध काढणं पुढचं.

ज्यांना येतं त्या बायका कुर्ल्यात, मुंब्र्यात, कोंढव्यात घरून ऑर्डर घेतात. सांदण, घावन, मसाले, ईदच्या शेवया. त्यांच्याकडून घेताना मात्र 'खाला, घरचंच तर आहे, थोडं कमी करा' अशी घासाघीस होते. मॉलमधल्या कॉफीवर न बोलता पैसे टाकणारे हेच हात. नारळ, गॅस आणि पहाटे चारला उठणं यांची किंमत धरून त्यांनी दर सांगितला तर तो द्यावा, आणि ऑर्डर दोन दिवस आधी द्यावी. पीठ आंबायला वेळ लागतो.