ज्याची पोळी, त्याची टाळी! मग आपली बातमी कोण छापणार?



मी चौथी शिकलेला माणूस. सूत काढणं माझा धंदा, लेख लिहिणं नव्हे. पण एक गोष्ट मनात सलते आहे, ती तुमच्यापुढे मांडल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या सूतगिरणीत कार्डिंग खात्यात आमच्या एका बहिणीची दोन बोटं मशीननं नेली. पहिली पाळी, सकाळचे दहा. सगळ्या खात्यानं डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात चार ओळी आल्या : "गिरणीत महिलेस किरकोळ दुखापत." आणि त्याच पानावर खाली अर्धं पान भरून गिरणीच्या वर्धापनदिनाची जाहिरात, चेअरमनसाहेबांच्या हसऱ्या फोटोसकट!

बातमीदार पोरगा ओळखीचा होता. त्याला गाठून विचारलं, "काय रे बाबा, दोन बोटं म्हणजे किरकोळ?" तो खाली मान घालून म्हणाला, "दादा, मला पगार नाही. जाहिरात आणली तर तिच्यावर कमिशन मिळतं, त्यावर घर चालतं. ती जाहिरात मीच आणलेली आहे."

मी रागानं गेलो होतो, पण राग जागीच विरला. हा तर आपल्यासारखाच बदली कामगार निघाला! ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. पोळी गिरणीची, मग टाळी कोणाची वाजणार?

पुढे तर कहरच झाला. अपघाताच्या विम्याचे कागद निघाले, तेव्हा हजेरीपुस्तकात त्या दिवशी बाई गैरहजर! गैरहजर बाईची बोटं गिरणीत आली कशी, हे विचारायला एकही पेपर पुढे आला नाही. पुढे आला एका लहानशा साप्ताहिकाचा म्हातारा संपादक. तीन वेळा एसटीनं आला. आम्ही भाषण करायला लागलो की म्हणायचा, "भाषण नको, कागद दाखवा." बाईच्या पगाराची चिठ्ठी त्यानं मागितली. त्या चिठ्ठीत त्या दिवसाचा पगार धरलेला होता! एका कागदावर गैरहजर, दुसऱ्यावर हजर. त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी छापले. गिरणीचं म्हणणं विचारून तेही छापलं. तीन महिन्यांत बाईला तिचा हक्क मिळाला.

याला म्हणतात शोध घेऊन केलेली पत्रकारिता. शिव्या देणं म्हणजे शोध नव्हे. ताग्यातला दोष उजेडावर धरून दाखवायचा, हे ते काम आहे.

आणि आता आपल्या लाजेची गोष्ट ऐका. ते साप्ताहिक वर्षभरात बंद पडलं. आमच्या गिरणीत सातशे माणसं, वर्गणीदार किती? अकरा! ते कोणी मारलं? चेअरमननं? नाही. आपण मारलं!

कोणी म्हणेल, ही एका तालुक्याची रड आहे. नाही बाबांनो. २००९ सालच्या विधानसभेच्या निवडणुकीत याच महाराष्ट्रात काय झालं ते आठवा. एका बड्या उमेदवाराची स्तुती करणारा तोच मजकूर, शब्दाला शब्द तोच, तीन मोठ्या मराठी पेपरांत बातमी म्हणून आला. पी. साईनाथ यांनी ते पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि 'हिंदू'मधून सगळ्या देशाला दाखवले. प्रेस कौन्सिलनं दोघांची समिती नेमली. समितीनं ७१ पानांचा अहवाल दिला, पेपरांची नावं घेऊन. कौन्सिलनं २०१० साली काय केलं? तो अहवाल गुंडाळून छोटा मसुदा बाहेर काढला! मूळ अहवाल उजेडात यायला माहितीच्या अधिकाराखाली झगडावं लागलं.

जो विकला जात नाही, त्याचं काय होतं? कोकणातल्या आपल्या राजापूरचे शशिकांत वारिशे रिफायनरीच्या जमिनींवर लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी त्यांची बातमी छापून आली, दुपारी एका मोटारीनं त्यांच्या स्कूटरला चिरडलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. पोलिसांना खुनाचा गुन्हा नोंदवावा लागला. छत्तीसगडात विजापूर जिल्ह्याच्या मुकेश चंद्राकर यांनी खराब रस्त्याचं काम उघडं पाडलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचं प्रेत एका कंत्राटदाराच्या आवारातल्या मैल्याच्या टाकीत सापडलं. पत्रकारांवर हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा महाराष्ट्रानं २०१७ सालीच केला. कायदा कागदावर, बातमीदार रस्त्यावर! जगातल्या १८० देशांच्या २०२५ च्या वृत्तपत्र-स्वातंत्र्याच्या यादीत आपल्या देशाचा नंबर १५१ वा लागला, यात नवल ते काय?

पण रडत बसायला हे लिहिलेलं नाही. आपल्या वाडवडिलांनी काय केलं ते पाहा. रविवारची सुट्टी कोणी आकाशातून टाकली नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' काढलं, पैशापायी ते अडलं. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत आणून चालवलं. गिरणीत माणूस किती तास राबतो, हे त्यांनी छापलं. सभा भरवल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला, आणि १८९० साली आठवड्याची सुट्टी मिळवली. १९२० साली बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी' तयार नव्हता. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून ते पत्र उभं राहिलं. १९५५ साली फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला; त्यानंतर आचार्य अत्र्यांनी १९५६ च्या नोव्हेंबरात 'मराठा' दैनिक काढलं, तेव्हा कुठे चळवळीला रोजचा आवाज मिळाला. आपण मराठीच्या नावानं सभा गाजवतो. पण मराठीत खरं छापायची कोणाची छाती राहिली नाही, तर ती मराठी काय नुसती जाहिरातींची भाषा करायची?

तेव्हा काय करायचं, ते साध्या शब्दांत सांगतो.

पहिलं, वर्गणी. सातशे माणसांनी महिन्याला वीस वीस रुपये काढले तर चौदा हजार होतात. दोन चहाचे पैसे! दोन-तीन गिरण्या एक झाल्या तर एक बातमीदार ताठ मानेनं जगेल, त्याला जाहिरातीसाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही.

दुसरं, कागद जपा. पगाराची चिठ्ठी, विम्याचं पत्र, नोटिशीची नक्कल फेकू नका. माहितीचा अधिकार २००५ साली आला, त्याच्या मुळाशी राजस्थानातले मजूर होते. "आमचं मस्टर आम्हाला दाखवा" एवढंच ते मागत होते. माहिती खाजगी असली तरी जनहितासाठी ती द्यावी, असे शब्द त्या कायद्याच्या एका कलमात होते. २०२३ च्या नव्या कायद्यानं त्यांनाच कात्री लावली. ते परत आणा, ही मागणी आपल्या प्रत्येक सभेत झाली पाहिजे.

तिसरं, बातमीदाराला धमकी आली की मोर्चा निघाला पाहिजे. आपल्या माणसाला कामावरून काढलं तर निघतो, तसाच.

चौथं, मोबाइलवर आलेली प्रत्येक आरोळी पुढे ढकलू नका. खोटी बातमी आपल्या बाजूची असली तरी खोटीच. ती एकदा पकडली गेली की आपलं खरंही कोणी ऐकत नाही.

आणि पाचवं, जे काहींना झोंबेल. तो बातमीदार उद्या आपल्या युनियनच्या वह्या मागेल, तेव्हा त्याही त्याच्यापुढे ठेवा! "आम्ही वर्गणी देतो, तू आमची टाळी वाजव," असं म्हणालो, तर आपल्यात आणि चेअरमनमध्ये फरक काय राहिला? पोळी आपण द्यायची, टाळी मागायची नाही. मागायचं फक्त खरं.

त्या बहिणीची बोटं परत येणार नाहीत. पण उद्या दुसऱ्या कोणाचा हात मशीनमध्ये गेला, तर "हा गैरहजर होता" असं लिहिताना कारकुनाचा हात थरथरला पाहिजे. तेवढा वचक बसवायचा असेल, तर आज घरी जाण्याआधी शेजाऱ्याला विचारा : तुझे वीस रुपये कुठे आहेत?

आपली बातमी, आपल्या पैशानं!
कामगार एकजुटीचा विजय असो!