टाकीच्या तळाकडे कोण बघतं?

प्रति,
भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या औद्योगिक वसाहतींमधले लहान-मध्यम कारखानदार, त्यांचे मेंटेनन्स प्रमुख, हवेच्या टाक्यांच्या तपासणीवर सही करणाऱ्या सक्षम व्यक्ती आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी यांस,



मी 34 वर्षं मेंटेनन्समध्ये फिटर होतो. बरीच मशीन्स हाताखालून गेली, पण सगळ्यात जास्त काळ गेला तो कॉम्प्रेसरपाशी. निवृत्त झाल्यावरही ओळखीचे लोक बोलावतात, मी जातो, आणि दर वेळी तेच बघून परत येतो. म्हणून हे पत्र.

कुठल्याही लहान कारखान्यात जाऊन कॉम्प्रेसर कुठे आहे असं विचारलं, की ते तुम्हाला शेडच्या मागे नेतात. संडासाच्या भिंतीला लागून पत्र्याचं छप्पर, त्याखाली तो उभा. आजूबाजूला भंगार, तेलाचे रिकामे डबे, तुटलेल्या पॅलेट. आवाज नको, गरम हवा नको म्हणून तो मागे गेला, हे मी समजू शकतो. पण सीएनसीला ऑपरेटर असतो, प्रेसला असतो, भट्टीला असतो. कॉम्प्रेसरला कोणीच नसतो. सकाळी जो पहिला येईल तो बटण दाबतो, रात्री जो शेवटी जाईल तो बंद करतो. मधल्या वेळात हवा कमी पडली तरच त्याची आठवण होते.

सुरुवात पाण्यापासून करतो, कारण बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतात. पावसाळ्यातली हवा घ्या. तापमान 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत साधारण 24 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. 100 सीएफएमचा कॉम्प्रेसर तासाला 170 घनमीटर हवा ओढतो, म्हणजे तिच्याबरोबर 4 किलो पाणी ओढतो. 7 बारला दाबलेली हवा आठव्या हिश्श्याच्या जागेत येते. तेवढ्या जागेत एवढी वाफ मावत नाही, आणि हवा थंड झाली की दर तासाला 3 लिटरच्या आसपास पाणी गळून पडतं. मशीन पूर्ण लोडवर असेल तर एका पाळीत जवळजवळ दोन बादल्या. काही आफ्टरकूलरच्या ट्रॅपमधून जातं, काही लाइनमध्ये पुढे जाऊन सिलिंडर आणि सोलेनॉइड खराब करतं. उरलेलं टाकीच्या तळाशी बसतं.

तळाशी ड्रेन कॉक असतो. तो उघडायला गुडघ्यावर बसावं लागतं, पत्र्याखाली अंधार असतो, आणि उघडल्यावर दुधासारखं तेलकट पाणी पायावर उडतं. हे काम कोणाच्याच नावावर लिहिलेलं नसलं तर ते कोणी करत नाही. ऑटो ड्रेन बसवला की प्रश्न सुटला असं मालकांना वाटतं. ऑटो ड्रेनच्या बारीक भोकात गंज आणि तेलाचा गाळ अडकतो आणि तो मुकाट्याने बंद पडतो. त्याचं टेस्ट बटण दाबून पाणी येतंय की नाही हे रोज बघावं लागतं. त्या पाण्यात तेल असतं, ते गटारात सोडू नये, हेही जाता जाता सांगतो.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती माझ्या कामाच्या ठिकाणची आहे. कारखान्याचं नाव सांगणार नाही. 500 लिटरची उभी टाकी होती. ऑडिट होतं म्हणून नुकताच निळा रंग दिलेला. रविवारी लाइन बंद करून मी ड्रेनच्या सॉकेटभोवतीचा गाळ छिन्नीने खरवडत होतो. टाकीत अर्धा बारसुद्धा दाब नसेल. छिन्नी हलकेच लागली आणि पत्र्यातून पाण्याची सुईसारखी धार निघाली. टाकी रिकामी करून कापली, तेव्हा 6 मिलिमीटरचा पत्रा तळाशी खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लेला होता, आणि एका ठिकाणी पोस्टकार्डाइतका उरला होता. आदल्या दिवशी तीच टाकी 7 बारवर दोन पाळ्या चालली होती. तिच्यापासून चार पावलांवर पोरं जेवायला बसायची.

फाइलमध्ये तपासणीचा दाखला होता, सहा महिन्यांच्या आतला. सही करणारे गृहस्थ टाकीपाशी आले नव्हते. मला हे माहीत आहे, कारण त्या दिवशी त्यांना गेटपासून ऑफिसात मीच नेलं होतं आणि कागद झाल्यावर मीच गेटपर्यंत सोडलं होतं. त्यांना "साहेब, टाकी मागे आहे, या," एवढं मी म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. ती खंत अजून आहे, आणि या पत्राचा बराचसा भाग तिच्यातूनच आला आहे.

टाकी म्हणजे काय साठवलंय हे आकड्यांत सांगतो. दोन फूट व्यासाच्या टाकीला वर-खाली ज्या डिश असतात, त्या प्रत्येकीवर 7 बारला जवळजवळ 20 टनांचा जोर असतो. तो जोर वेल्ड आणि पत्रा दिवसरात्र धरून ठेवतात. 1000 लिटरच्या टाकीत 7 बारला साठलेली ऊर्जा सुमारे 200 ग्रॅम टीएनटीएवढी भरते. तेवढं स्फोटक कोणी संडासाच्या भिंतीला टेकवून ठेवू दिलं नसतं.

कायद्याने यावर खूप आधी विचार केला आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 31 ने दाबाखालच्या उपकरणांची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावर टाकली. महाराष्ट्राच्या 1963 च्या नियमांनी त्याची वेळापत्रकं घालून दिली: बाहेरून तपासणी 6 महिन्यांनी, आतून 12 महिन्यांनी, पाण्याच्या दाबाची चाचणी 4 वर्षांनी. यातला "आतून" हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गंज आतून लागतो आणि तळाशी लागतो, बाहेरचा रंग कितीही चांगला असो. आत हात किंवा कॅमेरा घालायला भोक नसेल तर अल्ट्रासॉनिक गेजने तळाची जाडी मोजता येते. टाकीच्या खालच्या डिशवर आठ-दहा ठिकाणी प्रोब टेकवायला अर्धा तास पुरतो. दाखल्यावर तो आकडा मिलिमीटरमध्ये असावा, आणि मागच्या वर्षीचा आकडा त्याच्या शेजारी.

दाबाची चाचणी पाण्यानेच करायची असते, यालाही कारण आहे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फुटली तर पाणी सांडतं आणि दाब लगेच शून्यावर येतो. काही जण वेळ वाचवायला कॉम्प्रेसरच्याच हवेने टेस्ट घेतात. कमकुवत टाकीला हवेने चालू दाबापेक्षा जास्त ताण देणं आणि वर शेजारी उभं राहून गेज वाचणं, हे मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा काही झालं नाही, म्हणून ते आजही तसंच करत असतील.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल मालकांशी थोडं स्पष्ट बोलतो. तो उडायला लागला की आवाज होतो, हवा वाया जाते, प्रॉडक्शन ओरडतं. मग कोणीतरी त्याचा स्प्रिंगचा स्क्रू पिळून घट्ट करतं, किंवा व्हॉल्व्ह काढून तिथे बोल्ट घालतं. ते करणाऱ्या पोराला दोष देणं सोपं आहे. पण व्हॉल्व्ह उडत होता कारण प्रेशर स्विच किंवा अनलोडर बिघडला होता, आणि त्याची तक्रार करायला कोणी जागेवर नव्हतं. व्हॉल्व्हची रिंग महिन्यातून एकदा ओढून तो मोकळा आहे हे बघावं, सील तुटलेलं असलं तर त्या दिवशी मशीन चालवू नये, आणि टाकी व सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बंद करता येईल असा कुठलाही कॉक नसावा.

दाब वाढवण्याची मागणी येते ती बहुतेक वेळा गळतीमुळे. शेवटच्या मशीनला हवा पुरत नाही, म्हणून सेटिंग 7 वरून 8 वर जातं. 7 बारच्या लाइनला 3 मिलिमीटरचं एक भोक असेल तर त्यातून सुमारे 24 सीएफएम हवा जाते, आणि ती भरून काढायला जवळजवळ 4 किलोवॅट वीज लागते. दोन पाळ्यांच्या कारखान्यात हे वर्षाला वीस हजार युनिटच्या घरात जातं. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन रविवारी एक माणूस लाइनवरून फिरला तर त्याच्या पगाराच्या कितीतरी पट वीज वाचते. शिवाय दाब वाढवायची गरजच राहत नाही, आणि टाकीवरचा ताण तेवढा कमी होतो.

पिस्टनवाल्या मशीनमध्ये तापमानाकडे बघा. 30 अंशांची हवा एकाच टप्प्यात 7 बारला दाबली, तर हिशेबाने ती पावणेतीनशे अंशांच्या आसपास जाते. दोन टप्प्यांत, मध्ये इंटरकूलर ठेवून दाबली तर 135 च्या जवळ. डिलिव्हरी व्हॉल्व्ह गळायला लागला की गरम हवा मागे येऊन पुन्हा दाबली जाते आणि तापमान आणखी चढतं. त्यात इंजिनचं स्वस्त तेल घातलेलं असलं तर व्हॉल्व्हवर आणि पाइपमध्ये कार्बन जमतो. तो पेटतो. त्यामुळे डिलिव्हरी पाइप फुटलेले आहेत. कूलरच्या फिन्स स्वच्छ ठेवणं, कॉम्प्रेसरचंच तेल वापरणं आणि व्हॉल्व्ह प्लेट वेळेवर उघडणं, एवढंच यावर औषध आहे.

पीव्हीसी पाइपांबद्दल मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. पाण्याच्या दुकानातून आणलेला पांढरा किंवा करडा पाइप हवेच्या लाइनला लावलेला मी असंख्य ठिकाणी पाहतो. त्यावर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. लोखंडी पाइप थकला की त्याला चीर पडते आणि तो फुसफुसतो. पीव्हीसी फुटला की त्याच्या अणकुचीदार ठिकऱ्या उडतात, कारण आत दाबलेली हवा त्यांना ढकलत असते. कॉम्प्रेसरजवळची उष्णता आणि हवेतलं तेल त्याला आधीच कमकुवत करतात. तो पाइप माणसांच्या डोक्यावरून गेलेला असतो. जीआय, ॲल्युमिनियम किंवा हवेसाठीच बनवलेला पाइप घाला. एफआरएलचे, म्हणजे लाइनवरच्या फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटरचे, पारदर्शक वाडगेही थिनरने पुसू नका, त्या प्लास्टिकला न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि ते तोंडासमोर फुटतं. साबणाचं पाणी पुरतं.

दुरुस्तीच्या वेळी एक गोष्ट विसरली जाते: टाकी भरली की मोटर स्वतःहून थांबते आणि दाब उतरला की स्वतःहून सुरू होते. मोटर शांत आहे म्हणून बेल्टला हात लावलेल्या एका हेल्परची दोन बोटं माझ्यासमोर गेली. गार्ड त्याने काढला नव्हता. तो महिनाभर आधीच काढून भिंतीला टेकवलेला होता. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, चावी काम करणाऱ्याच्या खिशात, आणि टाकीचा दाब शून्यावर आणल्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही. स्विच बंद केल्याने हवा जात नाही.

आणि एअर गन. पाळी संपली की पोरं तिने अंगावरचा कीस उडवतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत साफसफाईच्या हवेला 30 पीएसआयच्या खाली ठेवायला सांगितलंय, तेही चष्मा आणि आडोसा वापरून. आपल्या लाइनला 100 पीएसआय असतात. डोळ्यात कण जातो, कानाचा पडदा फाटतो, जखमेतून हवा रक्तात शिरू शकते. याहून वाईट म्हणजे मस्करीत ती नळी दुसऱ्याच्या गुदद्वाराशी धरण्याचा प्रकार. मोठं आतडं फाटायला अर्धा बारसुद्धा लागत नाही. अशा मृत्यूंच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येत आहेत, त्यात सोळा-सतरा वर्षांची मुलंही असतात. कामावर घेताना पहिल्याच दिवशी हे तोंडाने, त्याच्या भाषेत सांगायला पाच मिनिटं लागतात. कपडे झटकायला ब्रश किंवा व्हॅक्यूम द्या, म्हणजे तो गनकडे वळणार नाही.

संचालनालयातल्या साहेबांना दोन विनंत्या. दाखल्याबरोबर टाकीच्या तळाच्या जाडीचा आकडा आणि तपासणीच्या वेळी टाकीपाशी काढलेला फोटो मागा. आणि ज्या वर्कशॉप, गॅरेज आणि पंक्चरच्या दुकानांना कारखान्याची व्याख्या लागू होत नाही, त्यांच्याही टाक्यांची कोणीतरी वर्षातून एकदा तपासणी करेल अशी सोय स्थानिक परवान्यांशी जोडा. रस्त्याकडेच्या त्या टाक्या बहुधा जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलेल्या, जागोजागी वेल्ड मारलेल्या असतात, आणि त्यांच्या शेजारी शाळेत जाणारी मुलं सायकलची हवा भरायला उभी असतात.

सक्षम व्यक्तींना काय लिहू? तुमचं ज्ञान माझ्याहून जास्त आहे. मालक फी देतो आणि लवकर सही मागतो, हेही मी पाहिलंय. तरी टाकीपर्यंत चालत जा. दाखला नाकारावा लागला तर नाकारा. त्या दिवशी एक फिटर तुमच्या बाजूने उभा राहील.

पुण्यानं हवेची मशीन्स बनवून देशाला दिली. 1958 मध्ये सुरू झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक हडपसरला आहे. चांगला मेकॅनिक, चांगला सुटा भाग, मोजमापाचं साधन, सगळं एका फोनवर मिळतं अशा ठिकाणी आपण राहतो. म्हणून मालकांना शेवटची मागणी करतो ती पैशांची नाही. उद्या टाकीवर पांढऱ्या रंगाने तीन ओळी लिहून घ्या: आतून शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख, तळाची जाडी किती निघाली तो आकडा, आणि या मशीनची जबाबदारी कोणाची त्याचं नाव. ज्याचं नाव लिहाल त्याला रोज वीस मिनिटं मोकळी द्या, आणि कोणालाही न विचारता कॉम्प्रेसर बंद करण्याचा अधिकार सगळ्यांसमोर द्या.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स फिटर