एसीतला गॅस संपत नाही, गळतो



भाताच्या पेरणीच्या तोंडावर हा माणूस मोटारीच्या एसीबद्दल काय सांगत बसला, असे काहींना वाटेल. पण कर्जत-खालापूरच्या गावांतून फिरताना आता पुष्कळ घरांच्या अंगणात गाडी उभी दिसते. कुणाचा मुलगा नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत भाडे नेतो, कुणी फार्महाऊसवर आलेल्या पाहुण्यांना कर्जत स्टेशनावर सोडतो. जोडधंद्यात आपण म्हैस आणि कोंबड्या धरतो, तशी ही गाडीही धरायला हवी. मे महिन्याच्या उकाड्यात एसी चालला नाही तर हातचे भाडे जाते. आणि दर उन्हाळ्यात तीच तक्रार कानावर येते : "मागच्याच वर्षी गॅस भरला होता, यंदा पुन्हा संपला."

मंडळी, हा गॅस डिझेलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. रबरी नळ्यांतून आणि जोडांतून किंचित पाझर होतो खरा, पण त्याचा परिणाम जाणवायला काही वर्षे जावी लागतात. एका वर्षात गॅस कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे हे नक्की समजा. खाचरातले पाणी एका रात्रीत उतरले तर तुम्ही काय करता? बांधाला खेकड्याने बीळ पाडले आहे का ते शोधता, ते लिंपता आणि मगच पाणी घेता. एसीच्या बाबतीत मात्र बीळ तसेच ठेवून आपण दरसाल पाणी भरतो, आणि पैसे मोजून येतो.

यंत्र थोडे समजून घेतले की फसगत होत नाही. डॉक्टर सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवतात तेव्हा कातडी गार लागते, कारण स्पिरिट उडताना अंगाची उष्णता घेऊन जाते. एसीत तेच घडते. डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये द्रवरूप गॅसची वाफ होते आणि ती गाडीतली उष्णता उचलते. इंजिनाजवळचा कॉम्प्रेसर ही वाफ दाबून पुढे ढकलतो. दाबल्याने ती तापते आणि रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, उष्णता बाहेर सोडून पुन्हा द्रव होते. थोडक्यात, एसी आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. बाहेर टाकायची वाट अडली, तर गॅस भरपूर असूनही गारवा मिळत नाही.

आपल्याकडे ही वाट फार अडते. कच्च्या रस्त्याची धूळ, मळणीचा भुसा, किडे, सगळे त्या जाळीत बसते. खूण सोपी आहे. गाडी पळताना हवा गार येते आणि खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभी राहिली की गरम येते, तर आधी जाळी आणि तिचा पंखा पाहा. एसी लावल्यावर पंखा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर फ्यूज, वायर किंवा मोटर यांत बिघाड असतो. जाळी इंजिन थंड असताना साध्या नळीच्या हलक्या पाण्याने धुवावी. धुलाई केंद्रातला जोराचा फवारा जवळून मारला तर नाजूक पत्रे दुमडतात. फवारणीचा पंपही नको. त्यात मागे कोणते औषध होते हे घरात कुणालाच आठवत नसते!

हवा गार आहे पण जोर नाही, असे असेल तर दोष बहुधा फिल्टरचा. बऱ्याच गाड्यांत तो पुढच्या खणामागे असतो. गाडी पेंढ्याच्या उडवीशेजारी उभी करत असाल तर तिथे उंदराचे घरटेही सापडेल. फिल्टर बदलायला काही शेकडा रुपये पुरतात, आणि नेमके हेच काम न करता लोक गॅस भरून येतात.

हे सर्व ठीक असेल, तर इंजिन सुरू करून एसीचे बटण दाबा आणि कान द्या. कॉम्प्रेसरचा क्लच लागल्याचा "टक" आवाज येतो. (काही नव्या गाड्यांत क्लच नसतो, तिथे हा आवाज येणार नाही.) आवाज लगेच लागून तुटत असेल किंवा येतच नसेल, तर गॅस कमी असण्याचा संभव आहे. मग इंजिन बंद करून ते निवले की नळ्यांचे जोड पाहा. गॅसबरोबर तेलही फिरत असते. जिथे तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसेल, तिथे गळती असू शकते. पायाशी, आतल्या बाजूला पाणी साचले तर ती गॅसची गळती नव्हे, पाणी जाण्याची नळी तुंबलेली असते. गाडीखाली पाणी ठिबकणे तर चांगलेच.

इथे तुमचे काम संपले. नळीचा जोड घरी उघडू नका. दाबाखालचा गॅस डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो. मिस्त्रीकडे गेल्यावर मात्र गप्प बसू नका. नायट्रोजन भरून आणि साबणाचे पाणी लावून गळती दाखवायला सांगा. सायकलचा पंक्चर आपण असाच तर शोधतो. गळती काढल्यावर व्हॅक्यूम पंप सुमारे अर्धा तास चालवायला हवा, कारण आपली कोकणची हवा दमट, आणि नळ्यांत ओलावा राहिला तर तो आतून गंज धरतो आणि झडपेत बर्फ होऊन अडतो. गॅस वजनाने भरायचा. किती ग्रॅम ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. स्वस्त म्हणून कुणी स्वयंपाकाचा गॅस भरतो म्हणाला, तर तिथून गाडी काढा. तो पेट घेतो.

पूर्वीच्या गाड्यांत आर-१२ गॅस असे. त्याने ओझोनचा थर विरळ होतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो बंद होत गेला. भारत त्या करारात १९९२ साली आला. आज बहुसंख्य गाड्यांत आर-१३४ए असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक जोरकस आहे. पावसाच्या लहरीपणाने आधीच हैराण झालेल्या आपण हा गॅस दरसाल आभाळात सोडू नये हे बरे.

बोरघाट चढताना इंजिनाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा, कॉम्प्रेसर इंजिनाचीच ताकद घेतो. भाड्याची वाट पाहत, काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपणे तर मुलांना सक्त मना करा. धुराचा विषारी वायू आत आला तर झोपेतच जीव जातो, त्याला वासही नसतो. पावसाळ्यात एसी चार महिने बंद ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, ती सोडा. आठवड्यातून दहा मिनिटे तो चालवला की आतले तेल फिरते आणि कॉम्प्रेसरचे सील सुकत नाही. शिवाय घाटात काचेवर आतून बाष्प धरते, तेव्हा एसी लावला की काच लवकर स्वच्छ होते.