बिननावाच्या माशीची बाजू घेऊया

सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसले की आपल्याला बरं वाटतं. चिखल नाही, धूळ नाही, गाड्या लावायला ऐसपैस जागा. शेताचा बांध नांगरून चार ओळी वाढवल्या की तेही फायद्याचंच वाटतं. कोकणातल्या सड्यावर जेसीबी चढला तर ‘पडीक जमीन उपयोगात आली’ असं आपणच म्हणतो. या तिन्ही ठिकाणी जमिनीच्या पोटात कुणी राहत होतं, हे आपल्या गावीही नसतं.

राहत होत्या त्या मधमाश्या. पोळ्यातल्या नव्हेत, एकांड्या.

मधमाशी म्हटलं की आपल्या तोंडी आग्या, सातेरी, फुलोरी, फार तर पोयाची माशी एवढीच नावं येतात. पण जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे, भारतात ७०० हून अधिक, आणि त्यांतल्या बहुसंख्य एकट्यानेच राहतात. पोळं नाही, राणी नाही, कामकरी नाहीत. प्रत्येक मादी आपलं घर आपण बांधते, पराग आणि मकरंदाची शिदोरी भरते, तिच्यावर एक अंडं घालते, दार लिंपते आणि पुढच्या खोलीच्या कामाला लागते. पिल्लांची तोंडं बघणं बहुतेकींच्या नशिबी नसतं. पुष्कळ जणी मोकळ्या मातीत बीळ करतात. काहींना वाळकी काडी, जुनं लाकूड, नाहीतर भिंतीतली फट पुरते. राखायला पोळंच नसल्यामुळे त्या कुणाच्या अंगावर धावून येत नाहीत.

यांतली एक तर आपल्या खिडकीतच असते. गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने आखल्यासारखा गोल काप दिसला की आपण कीड लागली म्हणून फवारा काढतो. थोडं थांबा आणि बघा. माशी पानाच्या कडेवर बसते, जबड्याने कापत अर्धगोल फिरते, आणि तुकडा सुटता सुटता पंख सुरू करते. तो तुकडा पोटाखाली दुमडून, पायांत धरून ती चौकटीतल्या स्क्रूच्या रिकाम्या भोकात शिरते. आत अशाच तुकड्यांची, एकावर एक चढवलेली खोली तयार होते. पराग ती पायांवर आणत नाही, पोटाखालच्या दाट केसांवर आणते. म्हणून परतताना तिचं पोट पिवळंधमक असतं. ही पानकापी माशी, शास्त्राच्या भाषेत मेगाकायली. तुरीचं फूल दाबून उघडायला जे वजन लागतं ते हिच्या कुळात आहे. अमेरिकेत लसूणघासाच्या बियाण्यासाठी हिच्याच एका बहिणीला मुद्दाम पाळतात.

वांग्याची गोष्ट आणखी वेगळी. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात पराग नळीत कोंडलेला असतो. नळीच्या टोकाला बारीक भोक. फुलाला मिठी मारून अंग जोरात थरथरवलं की पराग भसकन बाहेर पडतो. सातेरीला हे जमत नाही. काळ्या भुंग्याला जमतं, निळ्या पट्ट्यांच्या माशीला जमतं. ही निळ्या पट्ट्यांची माशी मातीत घर करते, म्हणजे तिचं घर आपण ज्यावर ब्लॉक बसवले त्याच मातीत.

यांतल्या किती जणींना आपण नावाने ओळखतो? इथेच खरी अडचण आहे. धोक्यातल्या जातींच्या यादीत नाव घालायला आधी नाव लागतं. ज्या माशीचं वर्णनच झालेलं नाही, ती संपली तरी कुणाच्या वहीत वजाबाकी होत नाही.

नव्या जातीचा शोध बहुधा टेबलावर लागतो. टाचणीवर टोचलेली माशी, तिच्याखाली एक चिठ्ठी: गाव, तारीख, कुणी पकडली, कोणत्या फुलावर. ही चिठ्ठी नसेल तर नमुना जवळजवळ कुचकामी. मग सूक्ष्मदर्शकाखाली पंखांतल्या शिरांची जाळी, चेहऱ्यावरचे खळगे, जबड्याचे दात, नराच्या पोटाच्या शेवटच्या वलयांत दडलेले भाग. पुढे जुन्या नमुन्यांशी ताडून बघायचं. आपल्याकडच्या माश्यांसाठी अजूनही चार्ल्स थॉमस बिंगहॅम यांचा १८९७ चा ग्रंथ उघडावा लागतो, आणि त्या काळी नावं दिलेले कितीतरी मूळ नमुने इंग्लंडच्या संग्रहालयांत आहेत. नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की एकाच जातीला दोन नावं पडल्याचीही उदाहरणं आहेत. हल्ली डीएनए मदतीला येतो, पण टाचणी आणि भिंग सुटलेलं नाही. सगळं जुळून आलं की एक नमुना त्या नावाचा कायमचा साक्षीदार ठरवतात. त्याला होलोटाइप म्हणतात. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचे नमुने ठरवून दिलेल्या संस्थेत जमा करावे लागतात.

हे काम हळू चालतं, त्यात पैसा नाही आणि टाळ्याही फार पडत नाहीत. पण ते होतं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडच्या ब्रेमर डोंगररांगेत २०१९ मध्ये किट प्रेंडरगास्ट ही संशोधक एका अतिदुर्मीळ रानफुलावर कोण येतं ते बघत होती. तिथे तिला चेहऱ्यावर इवली शिंगं असलेली माशी दिसली. नर आणि मादी एकाच जातीचे आहेत हे डीएनएने सांगितलं. संग्रहालयांतल्या कुठल्याही नमुन्याशी ती जुळेना. २०२५ मध्ये तिचं बारसं झालं: मेगाकायली ल्युसिफर. (नाव सुचलं एका टीव्ही मालिकेवरून. शास्त्रज्ञही हौशी असतात!) गंमत सोडा. ती जागा खाणीच्या सावटाखाली आहे आणि खाणकामाआधीच्या अनेक पाहण्यांत स्थानिक मधमाश्या मोजल्याच जात नाहीत, ही त्या संशोधकाची तक्रार. ही माशी आपल्या पानकापीच्याच कुळातली, आणि तक्रारही आपल्या ओळखीची.

कारण आपल्याकडे सडे आहेत. जांभ्याच्या उघड्या कातळावर मातीचा पातळ थर, पावसाळ्यात चार महिने फुलांचा गालिचा, आणि सरकारी कागदावर मात्र ‘पोटखराब’. चिऱ्याच्या खाणी, कलमांसाठी फोडलेला कातळ, प्रकल्प, सगळ्यांची नजर तिथेच. आपल्या भागात प्रकल्पाची जनसुनावणी लागली तर पर्यावरण अहवाल मागून घ्या. झाडं, पक्षी, फुलपाखरं यांच्या याद्या वाचा आणि मग हात वर करून विचारा: मधमाश्या कुणी बघितल्या? फुलांच्या हंगामात बघितल्या का? एकाने विचारलं तर हसतील. दहा जणांनी विचारलं तर इतिवृत्तात लिहावं लागेल.

मधाच्या पेट्या ठेवाव्यात की नाही? जरूर ठेवाव्यात. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून पुढे आलं, त्याचा आपल्याला अभिमानच आहे. पण पेटीतली माशी वाढल्याने मातीतली माशी वाचत नाही. तिला पेटी नको, कोपरा हवा. सोसायटीत उन्हं येणारी, पाणी न साचणारी दोन हात मोकळी माती सोडू. बागेतल्या सुक्या काड्या आणि पोकळ देठ लगेच जाळायचे नाहीत. बांधावर तणनाशक मारण्याआधी तिथे काय फुललंय ते एकदा बघू, आणि फवारणी करायचीच असेल तर फुलांवर माश्या असताना नको. याला एक रुपया लागत नाही. कमिटीतल्या एखाद्या काकांशी वाद घालावा लागेल, तेवढं आपण घालू.

गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत, लोक जैवविविधता नोंदवह्या आहेत. अनेक ठिकाणी त्या कपाटात असतील. बाहेर काढायला लावू या. कोणत्या महिन्यात कोणत्या फुलावर कोणत्या माश्या येतात, हे गुराख्याला आणि वांगी तोडणाऱ्या बाईला जेवढं माहीत असतं तेवढं क्वचितच कुठल्या पुस्तकात असतं. ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला शाळेतली मुलं पुरेशी आहेत.

आणि घरातलं पोर किड्यांच्या मागे लागलं असेल तर त्याला ओढून आत आणू नका. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा (बीएनएचएस) कीटकसंग्रह आहे. त्या टाचण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचणारी पुढची पिढी आपल्याच घरांतून जायची आहे. महाविद्यालयात कुणा प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं जमवलेली कीटकांची पेटी धूळ खात असेल, तर माजी विद्यार्थ्यांनी डांबरगोळ्यांपासून सुरुवात करावी. नवी जात अशा पेटीतही निघू शकते.

बाकी आपण सगळे फोन घेऊन फिरतोच. कासला गर्दी करून फुलांचे फोटो काढतो, तसे फुलावरच्या पाहुण्याचेही काढू: एक चेहऱ्याचा, एक बाजूने, एक पंख दिसेल असा, आणि एक फुलाचा. माशी पकडायची गरज नाही, आणि संरक्षित जंगलात परवानगीशिवाय ती पकडता येतही नाही. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर टाकायचे. नाव येत नसेल तर नुसतं ‘मधमाशी’ लिहा, पुढचं ओळखायला तिथे जाणकार मंडळी आहेत. तारीख आणि ठिकाण मात्र अचूक द्या.